आधी मोजणी, मग गडगा

मालवण तालुक्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलीला सात वर्षं पूर्ण झाली, ती दुसरीत आहे. मे महिन्यात घरात मुंबईची मंडळी आलेली असताना तिची खालची उजवीकडची मागची दुधाची दाढ ठणकू लागली, गाल सुजला. जवळच्या डॉक्टरांनी ती काढून टाकली आणि "दुधाची होती, नवी येईल" एवढंच सांगितलं. गणपतीला मुलीचे वडील आले. डावीकडची एक दाढ काळी दिसते म्हणून तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांचं लक्ष आधी उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे गेलं. "इथे स्पेस मेंटेनर लगेच बसवायला हवा, साडेतीन हजार होतील," असं ते म्हणाले. (स्पेस मेंटेनर म्हणजे गेलेल्या दाताची जागा राखून ठेवणारं साधन.) आता घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, "दुधाचो दात तो, पडाचोच होतो. त्येच्यार पैशे कित्याक घालतस?" नवरा म्हणतो, पुढे तारा लावायच्याच असतील तर तेव्हाच एकदम बघू. नणंदेच्या मुलाची अशीच दाढ काढली होती, काही बसवलं नव्हतं, तरी त्याचे दात सरळ आले. स्वतः आईला वाटतं, हे इतकं गरजेचं होतं तर पहिल्या डॉक्टरांनी का नाही सांगितलं? आणि चार महिने गेलेच आहेत, तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबलं तर काय बिघडणार? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : "दाढ दवाखान्यातच राहिली, कौलावर टाकलीच नाही. मुलगी विचारते, उंदीरमामाला दात दिला नाही तर तो नवा कसा देणार? तिला काय सांगू?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. पण त्याचं उत्तर शेवटीच देते, कारण त्यासाठी एक एक्स-रे लागणार आहे.

आधी सासूबाईंच्या बोलण्याकडे येऊ. त्यांचं निम्मं बरोबर आहे. ती दाढ पडणारच होती. पण कधी? आपल्या डोक्यात "दुधाचे दात सहा-सात वर्षांचे झाले की पडतात" असं बसलेलं असतं, आणि ते पुढच्या दातांपुरतं खरं आहे. मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या त्या दाढेची नोकरी अजून चार वर्षं बाकी होती. ती निवृत्त झाली नाही, मध्येच कामावरून गेली. आणि तिचं काम नुसतं चावण्याचं नव्हतं. खाली हाडात तयार होणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून बसणं हेही तिचंच काम होतं. एस.टी.च्या खिडकीतून आपण सीटवर रुमाल टाकतो ना, तसं. रुमाल उचलला गेला आणि आपला माणूस अजून चार थांबे मागे आहे, अशी आत्ताची स्थिती आहे.

आता ती जागा कोण घेणार? तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "त्याच्या मागे एक मोठी दाढ आहे ती अजून पडायची आहे." ताई, ती पडायची नाही. ती पक्की आहे, आयुष्यभराची. सहाव्या वर्षाच्या आसपास ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता, गुपचूप वर येते. काही पडलं नाही म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. निम्म्या आया मला हेच सांगतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण हे कोणी सांगतच नाही. या पक्क्या दाढेला पुढे सरकायची ओढ असते. पुढे दुधाची दाढ भिंतीसारखी उभी असते तोवर ती जागेवर राहते. भिंत गेली की ती पुढे कलंडते. वरच्या जबड्यात हे जास्त वेगाने होतं, खालच्या जबड्यात जरा सावकाश, पण होतं.

आपल्याकडे हे समजवायला मला फार कष्ट पडत नाहीत. चिऱ्याचा गडगा पावसात ढासळला आणि वेळेत परत घातला नाही, तर शेजाऱ्याची माडाची रोपं कधी आपल्या हद्दीत येतात ते कळतसुद्धा नाही. भांडण नाही, आवाज नाही. दहा वर्षांनी मोजणी आणली की कळतं. दाढेचं तसंच आहे, फक्त दहा वर्षं लागत नाहीत. जी जागा जायची असते तिच्यातली बरीचशी पहिल्या सहा महिन्यांतच जाते.

म्हणून तुमच्या "दिवाळीपर्यंत थांबलं तर" या प्रश्नाचं माझं उत्तर नाही असं आहे. मे ते सप्टेंबर चार महिने झाले. राहिलेले दोन महिनेच त्यातल्या त्यात किमतीचे आहेत. शाळेचा एक दिवस बुडाला तरी चालेल.

पण थांबा. मी "लगेच बसवून घ्या" असं म्हणत नाहीये. "लगेच बघून घ्या" म्हणतेय. तुमच्या पत्रात पैसे घालायचे की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि घरातली तिन्ही मतं त्याच्याभोवती फिरताहेत. मोजणी न करताच गडगा घालायचा की नाही यावर वाद चाललाय. मोजणी म्हणजे इथे एक्स-रे. तुमच्या पत्रात दोन डॉक्टर आहेत, तीन नातेवाईक आहेत, पण एक्स-रेचा उल्लेख कुठेच नाही. कदाचित काढला असेल आणि लिहायचं राहिलं असेल. नसेल काढला, तर तिथूनच सुरुवात.

त्या एक्स-रेत चार गोष्टी बघायच्या असतात.

पहिली, खाली पक्का दात आहे का. विचित्र वाटेल, पण काही मुलांच्या जबड्यात तो तयारच होत नाही, आणि अक्कलदाढ सोडली तर न होण्यात जे दात पुढे असतात त्यांत नेमका हा, खालच्या मागच्या दुधाच्या दाढेखालचाच दात येतो. क्वचित तो उशिरा दिसायला लागतो, म्हणून सातव्या वर्षी दिसला नाही तर घाबरायचं नाही, वर्षा-दीड वर्षाने परत बघायचं. पण तो खरंच नसेल तर पुढचं सगळं गणित बदलतं. जागा राखायची की मुद्दाम बंद होऊ द्यायची हे तेव्हा तारा लावणाऱ्या तज्ज्ञांना विचारून ठरवावं लागतं.

दुसरी, तो दात किती तयार झाला आहे. साधारण मुळाचा दोन-तृतीयांश भाग तयार झाला की दात हिरडीतून डोकावतो. सातव्या वर्षी या दाताचा वरचा भाग जेमतेम पूर्ण झालेला असतो आणि मूळ धरायला सुरुवात असते. म्हणून मी मघाशी चार वर्षं म्हटलं.

तिसरी, त्याच्यावर हाड किती आहे. हाडातून एक मिलिमीटर वर यायला दाताला साधारण चार-पाच महिने लागतात, असा आमचा ढोबळ हिशोब आहे. दाढेखाली पू होऊन हाड खाल्लं गेलं असेल तर दात अपेक्षेपेक्षा लवकर वर येऊ शकतो. तुमच्या मुलीचा गाल सुजला होता, त्यामुळे हे बघायलाच हवं.

चौथी, जागा किती गेली. ही एक्स-रेपेक्षा तोंडात मोजून जास्त कळते. डावीकडची दाढ अजून आहे, तिच्या रुंदीशी उजवीकडची मोकळी जागा ताडून बघायची. डॉक्टरांना सरळ विचारा, "किती मिलिमीटर गेलंय?" आकडा सांगता यायला हवा.

इथे निसर्गाची एक गंमत सांगते. दुधाच्या मागच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या पक्क्या दातांपेक्षा रुंद असतात. खालच्या जबड्यात सुळा आणि दोन दाढा मिळून एका बाजूला सरासरी 1.7 मिलिमीटर जागा उरते, वरच्या जबड्यात 0.9. म्हणजे थोडी सूट मुळातच ठेवलेली आहे. त्यामुळे अर्धा-एक मिलिमीटर गेला म्हणून जगबुडी होत नाही. तुमच्या नणंदेचा मुलगा बहुतेक याच सुटीत निसटला. किंवा त्याची दाढ दहाव्या वर्षी काढली असेल आणि पक्का दात तोंडाशीच आला असेल. किंवा त्याची पुढची दुधाची दाढ गेली असेल, मागची नाही. पुढची दुधाची दाढ गेली आणि सहाव्या वर्षाच्या दाढा वरखाली नीट जुळून बसलेल्या असतील, तर जागा फारशी जात नाही. अशा मुलांना काही बसवावं की नाही यावर आम्हा दंतवैद्यांतच दोन तट आहेत. तेव्हा त्याचे दात सरळ आले हे खरंच असेल, पण त्याची कुठली दाढ, कुठल्या वयात गेली हे कळल्याशिवाय तो दाखला तुमच्या उपयोगाचा नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत एक्स-रे न बघता मला एवढंच सांगता येईल : मागची दाढ, सातवं वर्ष, पक्का दात दूर. तिन्ही गोष्टी जागा राखण्याच्या बाजूने आहेत. दुसरे डॉक्टर तुम्हाला उगाच खर्चात पाडत नाहीयेत असं माझं मत आहे.

आणि पहिले? त्यांनी सांगायला हवं होतं. सुजलेल्या गालाचं पोर खुर्चीत रडत असतं, बाहेर दहा जण बसलेले असतात, आणि दुखणारा दात निघाला की सगळे सुटलो म्हणून उठतात. मीही सुरुवातीच्या वर्षांत असंच करून काही मुलांना घरी पाठवलंय. दाढ काढणं चुकलं असं नाही, त्याच्या पुढचं वाक्य राहिलं. त्यांच्याकडे त्या वेळचा एक्स-रे असेल तर मागून घ्या, राग न ठेवता. मेमधला आणि आत्ताचा एक्स-रे शेजारी ठेवला तर दाढ किती हलली ते लगेच दिसेल.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. "पुढे तारा लावायच्याच" यातला 'च' कुठून आला? सगळ्या मुलांना तारा लागत नाहीत. आणि लागल्याच, तर जागा असलेल्या तोंडात तारा लावणं वेगळं, आणि कलंडलेली दाढ आधी मागे ढकलून, नाहीतर एखादा चांगला पक्का दात काढून जागा करणं वेगळं. दुसऱ्या कामाला वेळ आणि पैसे दोन्ही जास्त जातात. साडेतीन हजाराच्या कित्येक पट. त्यांना फोनवर एवढंच सांगा, की स्पेस मेंटेनर लावल्याने तारा टळतीलच असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण एक अडचण कमी होऊ शकते. मुंबईत बसून त्यांना मदतही करता येईल. एक्स-रेचा फोटो त्यांच्या मोबाइलवर पाठवा. तिथल्या एखाद्या दंत महाविद्यालयात बालदंतरोग विभागात दाखवून दुसरं मत घ्यायला त्यांना अर्धा दिवस लागेल.

समजा ठरलं की बसवायचं. तर बहुतेक 'बँड अँड लूप' सुचवतील. मागच्या पक्क्या दाढेभोवती स्टीलची पातळ पट्टी बसते, अंगठीसारखी, आणि तिला जोडलेला तारेचा फास पुढच्या दुधाच्या दाढेला टेकतो. मधली जागा मोकळी राहते, तिथूनच नवा दात वर यायचा असतो. इंजेक्शन नाही, घासणं नाही. एका खेपेला पट्टीचं माप आणि जबड्याचा साचा घेतात, दुसऱ्या खेपेला सिमेंटने चिकटवतात. काही वेळा दाढांमध्ये फट पडावी म्हणून आधी एक-दोन दिवस छोटी रबराची कडी अडकवतात, ती जरा टोचते. गावाहून येताना खेपा मोजाव्या लागतात, म्हणून हे आधीच विचारून घ्या. मुलीला निकेलची ॲलर्जी असेल, खोटे कानातले घातले की कान चिघळत असतील, तर तेही सांगा.

एक गोष्ट डॉक्टर कदाचित घाईत सांगणार नाहीत. हा फास ज्या पुढच्या दुधाच्या दाढेला टेकतो, ती स्वतः दहाव्या वर्षाच्या आसपास पडते. तुमचा नवा दात येतो अकराव्या-बाराव्या वर्षी. म्हणजे मध्ये फासाला टेकायला काही नसेल, आणि तेव्हा साधन बदलावं लागू शकतं. खालचे पुढचे चारही पक्के दात आले असतील, तर दोन्हीकडच्या दाढांना जोडणारी, दातांच्या आतल्या बाजूने जाणारी एक कमान बसवतात. पुढचे पक्के दात यायच्या आधी ती बसवत नाहीत, कारण ते आतल्या बाजूनेच वर येतात आणि तारेत अडकतात. तुमच्या मुलीचे चारही आले असतील तर पहिल्यापासूनच कमानीचा विचार होईल का, हे विचारा. डावीकडची दाढही धोक्यात आहे म्हणून हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा.

आणि जागा आधीच गेली असेल तर? दोन-तीन मिलिमीटरपर्यंत गेलेली जागा या वयात स्प्रिंग किंवा स्क्रू असलेल्या साधनाने बहुधा परत मिळवता येते. त्याला महिने लागतात, मुलीचं सहकार्य लागतं, आणि ते झाल्यावर जागा राखायला पुन्हा काहीतरी बसवावंच लागतं. पण उशीर झाला म्हणून सगळं संपलं असं नाही.

आता डावीकडची काळी दाढ. ताई, उजवीकडच्या जागेपेक्षा मला तिची जास्त काळजी आहे. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येते आणि जाते, "दुखत नाही" एवढं सांगून. उजवीकडचीही मेपर्यंत दुखत नव्हती. जागा राखणारं उत्तम साधन म्हणजे दुधाची दाढ स्वतःच, आणि डावीकडे ती अजून तुमच्याकडे आहे. कीड वरवर असेल तर भरून भागेल. नसेपर्यंत गेली असेल तर दुधाच्या दाढेचंही रूट कॅनल होतं आणि वर स्टीलची तयार टोपी बसवतात. "पडणाऱ्या दाताला रूट कॅनल?" असं सासूबाई म्हणतील. त्यांना म्हणा, अजून चार वर्षं चावायचंय तिला त्यावर. खर्च एकाच बाजूचा झेपणार असेल, आणि एक्स-रेत उजवीकडची जागा फार गेलेली नसेल, तर मी आधी डावी दाढ वाचवीन. पण हा निर्णय एक्स-रे बघणाऱ्यांचा.

खर्चाचं बोलायलाच हवं. साडेतीन हजार म्हणजे घरातल्या एकीच्या काजू-कोकमाची वर्षाची कमाई असू शकते. दर दवाखान्यागणिक वेगळे असतात, तेव्हा विचारायला लाजू नका. दंत महाविद्यालयांमध्ये हे काम कमी खर्चात होतं, फक्त वेळ जास्त जातो, कारण शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात. तुमच्या बाजूची मंडळी बांबोळीला जातातच, तिथे गोवा दंत महाविद्यालय आहे. रत्नागिरी जिल्ह्यात खेडला दंत महाविद्यालय आहे, पनवेल-उरणकडच्या वाचकांना नवी मुंबई जवळ. आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दात दाखवून एक्स-रे होतो का ते बघा. आणखी एक वाट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही : शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. 2013 साली हा कार्यक्रम आपल्या कोकणातच, पालघरला सुरू झाला. त्यात दातांची कीडही बघतात आणि पुढे पाठवायची चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी दप्तरात चुरगळून जाते. या वेळी सांभाळून ठेवा.

बसवल्यानंतरचं काम बसवण्यापेक्षा मोठं आहे, आणि याबद्दल मी जरा कडक बोलणार. पट्टीखालचं सिमेंट विरघळतं. पट्टी सैल झाली तर खाली अन्न साचतं आणि पक्क्या दाढेलाच कीड लागते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाला मी पट्टी बसवली, तो दोन वर्षं आला नाही, आणि मीही निरोप पाठवला नाही. पट्टी काढली तर आतली दाढ खडूसारखी झाली होती. जागा राखली, दाढ घालवली. तेव्हापासून मी दर तीन-चार महिन्यांची पुढची तारीख लिहून दिल्याशिवाय पट्टी बसवत नाही. तुम्हाला तेवढ्या खेपा जमणार नसतील तर ते आधीच डॉक्टरांना सांगा. काही वेळा न बसवणं हाच शहाणपणा असतो, आणि चांगले डॉक्टर तसं म्हणतीलही.

चिकट खाणं बंद. हे लिहिताना माझाच जीव तुटतो, कारण त्यात खाजा आला, खडखडे लाडू आले, आंबापोळी, फणसपोळी, चिक्की सगळंच आलं. जत्रेनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे निघालेल्या पट्ट्या कागदाच्या पुडीत घेऊन मुलं येतात, बऱ्याचदा त्यावर गुळाचा थर असतो. आंब्याचे दिवस आले की नुसता आंबा खाऊ दे, तो चालतो. पट्टी निघालीच तर घरी चिकटवू नका, डबीत ठेवून दोन-चार दिवसांत घेऊन जा. हिरडीत तार रुतली, किंवा फासातून पांढरं टोक दिसायला लागलं, तरी जायचं. टोक दिसलं म्हणजे नवा दात आला, पट्टीचं काम संपलं. निघालेली पट्टी गिळल्यासारखी वाटली आणि खोकला किंवा दम लागला, तर दातांच्या डॉक्टरांकडे नको, सरळ रुग्णालयात.

रात्री झोपण्यापूर्वीचं ब्रश तुमच्या हाताने. आठ वर्षांपर्यंत मुलांचे हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचत नाहीत, ती कितीही "मीच करतंय" म्हणाली तरी. फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी. आणि घरात कोणी मिश्री लावत असेल तर ती पोरीच्या बोटाला लागू देऊ नका. "दात घट्ट होतात" हे कोणी कितीही खात्रीने सांगो, ती तंबाखू आहे.

इतर वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण अशी पत्रं आणखीही येतात. मूल चार-पाच वर्षांचं असेल, मागची दुधाची दाढ काढावी लागत असेल आणि सहाव्या वर्षाची पक्की दाढ अजून हिरडीखालीच असेल, तर तिला वाट दाखवणारं वेगळं साधन लागतं. ते हिरडीच्या आत जातं, म्हणून हृदयाचा दोष असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांना बसवत नाहीत. अशा मुलाच्या बाबतीत शक्यतो ती दाढ वाचवायचाच प्रयत्न करावा. पुढचे वरचे दुधाचे दात खळ्यात पडून गेले, हीही नेहमीची तक्रार. तिथे जागा सहसा जात नाही. काही बसवायचं तर दिसण्यासाठी किंवा बोलण्यासाठी, घाईने नाही. एका बाजूचा दुधाचा सुळा लवकर गेला तर मात्र दाखवून घ्या, पुढचे दात त्या बाजूला सरकून मधली रेघ हलते.

आणि तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, "माझंच लक्ष नव्हतं." चहात बुडवलेली बिस्किटं कोण देतं, रात्री ब्रश न करता झोपलेल्या पोरीला कोण उठवत नाही, याची यादी करायला बसलात तर घरातलं प्रत्येक माणूस त्यात येईल, मुंबईहून चॉकलेटचे डबे आणणाऱ्या काका-आत्यांसकट. ती यादी करू नका. सुजलेल्या गालाच्या पोरीला घेऊन दवाखान्यात तुम्हीच गेलात, आणि काळी दाढ गणपतीच्या गडबडीत तुम्हालाच दिसली.

आता उंदीरमामा. एक्स-रे काढला की तो मुलीला दाखवायला सांगा. डॉक्टर खूश होतात, असं कोणी विचारत नाही. रिकाम्या जागेच्या खाली, हाडात, एक छोटा पांढरा मुकुट दिसेल, अजून पाय न फुटलेला. तिला सांगा, तो बघ, उंदीरमामाने आधीच आणून ठेवलाय, फक्त वर यायला त्याला वेळ लागणार आहे. आणि त्याच्या बदल्यात काही द्यायचंच असेल, तर तिचा पुढचा एखादा दात आत्ता हलत असेलच. तो पडला की कौलावर टाकू दे, दोन्हींचा हिशोब एकदम.